घरच्या सर्व्हरची अगम्यता : ‘जोडणी’च्या अर्थसंकोचाचा इतिहास

१

शब्दाच्या अर्थाला कालांतराने ज्या अवस्था प्राप्त होतात त्यांत अर्थसंकोच ही एक प्रमुख अवस्था होय. ‘मृग’ हा शब्द मुळात कोणत्याही वन्य पशूचा वाचक होता. पुढे तो हरणापुरता उरला. भाषाभ्यासकांना हे उदाहरण परिचयाचे आहे. प्रस्तुत निबंधात ज्या अर्थसंकोचाचा विचार करावयाचा आहे तो मात्र अद्याप कोणत्या कोशात नोंदला गेलेला नाही. ‘इंटरनेटची जोडणी’ ह्या शब्दप्रयोगाचा तो अर्थसंकोच आहे. जोडलेल्या दोन यंत्रांपैकी कोणासही दुसऱ्याला प्रथम हाक मारता यावी, हा त्या जोडणीचा मूळचा अर्थ. आज घरगुती ग्राहकाच्या बाबतीत तो अर्थ, आपण हाक मारावी आणि समोरच्याने उत्तर द्यावे, एवढाच राहिला आहे. बाहेरच्याने आपणांस हाक मारली तर ती पोहोचेल, ही हमी त्या शब्दात आता उरलेली नाही.

ह्या विचाराकडे प्रस्तुत लेखक तात्त्विक जिज्ञासेने वळला नाही, अडचणीमुळे वळला. काही वर्षांपूर्वी तंजावरी मराठीच्या अभ्यासासाठी तंजावर येथील एका वृद्ध बाईंचे सुमारे अकरा तासांचे बोलणे मुद्रित करून घेतले होते. संमती देताना त्यांनी दोन अटी घातल्या. त्यांचा आवाज कोणा व्यापारी संस्थेच्या साठ्यात ठेवावयाचा नाही, ही पहिली अट. आणि दूरदूरच्या गावी पांगलेल्या त्यांच्या नातवंडांना तो हवा तेव्हा ऐकता आला पाहिजे, ही दुसरी. दोन्ही अटी पाळावयाच्या तर ध्वनिमुद्रणे आपल्याच घरच्या संगणकावर ठेवून तेथूनच एक लहानसे संकेतस्थळ चालवावे, हा मार्ग सरळ दिसला. संकेतस्थळ तयार झाले. घरात ते उत्तम चालत होते. नातवंडांकडून मात्र एकच उत्तर येत राहिले : काहीच उघडत नाही.

दोष शोधता शोधता असे ध्यानात आले की, वाटेत लागणारा प्रत्येक अडसर कोणत्या तरी विशिष्ट वर्षी, विशिष्ट कारणासाठी घातला गेलेला आहे. पुराणवस्तुसंशोधक जसा थरामागून थर खणीत जातो, तसेच हे काम आहे. म्हणून दोषाचे निदान आणि इतिहासाचे कथन ही दोन्ही येथे एकत्रच करीत आहे.

२

सर्वांत खालचा थर पत्त्याचा. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास एक अंकमय पत्ता असावा आणि तो बत्तीस द्विमान अंकांचा असावा, हा निर्णय १९७७ च्या सुमारास, एका प्रयोगापुरता म्हणून झाला. व्हिंट सर्फ यांनी ह्या निर्णयाची जबाबदारी पुढे अनेकदा स्वतःकडे घेतली आहे. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या नियमपत्रात तोच निर्णय कायम झाला. बत्तीस अंकांतून एकंदर ४,२९,४९,६७,२९६ पत्ते निघतात. त्या वर्षी जगाची लोकसंख्या सुमारे साडेचारशे कोटी होती. म्हणजे माणशी एक पत्ताही प्रथमपासूनच पुरणार नव्हता. परंतु तेव्हा संगणक ही विद्यापीठांची, प्रयोगशाळांची व लष्कराची वस्तू होती. पत्ते इतक्या सढळ हाताने वाटले गेले की, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या एका संस्थेकडे १,६७,७७,२१६ पत्त्यांचा सबंध गट होता. २०१७ मध्ये त्या संस्थेने त्यांतील काही भाग विकावयास काढला, ह्यावरून पुढे त्या पत्त्यांना आलेले मोल समजते.

ह्या काळाचा एक विशेष अभ्यासकांनी ध्यानात ठेवावा. बुद्धी जाळ्याच्या टोकांना असावी आणि मधल्या यंत्रांनी टपाल्याप्रमाणे जिन्नस निमूटपणे पोहोचता करावा, ह्या विचाराची सुसूत्र मांडणी सॉल्टझर, रीड आणि क्लार्क यांनी १९८१ मध्ये केली; तो निबंध १९८४ मध्ये नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ह्या व्यवस्थेत ‘सेवा देणारा’ आणि ‘सेवा घेणारा’ असे दोन वर्ण नव्हते. १९९० च्या अखेरीस जिनीव्हाजवळच्या ‘सर्न’ ह्या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जे पहिले संकेतस्थळ चालविले, ते त्यांच्या कामाच्या टेबलावरील ‘नेक्स्ट’ बनावटीच्या संगणकावर. हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नये, अशा आशयाची चिठ्ठी त्यावर लाल शाईने लिहून चिकटविलेली होती. एका माणसाच्या टेबलावरचे यंत्र सगळ्या जगाला उत्तर देऊ शकत होते. चिठ्ठी लागली ती फक्त सहकाऱ्याने वीज बंद करू नये म्हणून.

नावांचा थर ह्यानंतरचा. प्रारंभी सर्व यंत्रांची नावे व पत्ते एकाच यादीत असत आणि ती यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या नेतृत्वाखालील केंद्र सांभाळीत असे. यादी आवरेनाशी झाली तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांचा कारभार श्रेणीबद्ध रीतीने वाटून देणारी पद्धती सुचविली. आजही नावावरून पत्ता काढला जातो तो ह्याच पद्धतीने.

३

आता निदानाकडे वळू. पहिली कसोटी अशी की, सर्व्हरचा कार्यक्रम ज्या संगणकावर आहे त्याच संगणकावरून त्याला विचारून पाहावे. त्यासाठी १२७.०.०.१ हा पत्ता राखून ठेवलेला आहे. जगातील प्रत्येक यंत्रावर ह्या पत्त्याचा अर्थ ‘मी स्वतः’ असाच होतो. दुसरी कसोटी : घरातील दुसऱ्या यंत्रावरून विचारावे. त्या वेळी वापरावयाचा पत्ता बहुधा १९२.१६८ ह्या अंकांनी सुरू होतो. पहिली कसोटी उतरली आणि दुसरी उतरली नाही, तर दोष दोहोंपैकी एक : कार्यक्रम केवळ ‘मी’ ह्या हाकेलाच ओ देण्यासाठी बसविलेला आहे, किंवा संगणकाची फायरवॉल आड येत आहे.

प्रस्तुत लेखकाच्या दोन्ही कसोट्या उतरल्या; आणि पहिली चूक घडली ती येथेच. घरातल्या भ्रमणध्वनीवर जो पत्ता चालला तोच पत्ता नातवंडांना कळविला! भाषाशास्त्राच्या अध्यापकाने ही चूक करावी, हे लाजिरवाणे खरे. ‘मी’, ‘इथे’, ‘आमच्या घरी’ हे शब्द कोण आणि कोठून बोलतो ह्यावर ज्याप्रमाणे अर्थ बदलतात, त्याचप्रमाणे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्तेही स्थानसापेक्ष असतात. चेन्नईच्या घरात त्या पत्त्याचा अर्थ चेन्नईच्या त्याच घरातील एखादे यंत्र असा होतो. तो पत्ता पाठविणे म्हणजे ‘इथे ये’ एवढेच लिहिलेले पत्र धाडणे.

विशेषनाम असावयास हवे होते तेथे सर्वनाम कसे आले, ह्याचे उत्तर १९९० नंतरच्या दशकात आहे. पत्ते संपणार, ही भीती तेव्हा उघड झाली होती. १९९३ मध्ये पत्त्यांचे गट काटकसरीने पाडण्याची नवी रीत आली. मे १९९४ मध्ये केल्ड एगेव्हांग व पॉल फ्रान्सिस यांनी आणखी एक उपाय मांडला. एका संस्थेतील सर्व यंत्रांनी आपसांत खाजगी पत्ते वापरावेत आणि सीमेवरील यंत्राने बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावरचा खाजगी पत्ता खोडून तेथे सार्वजनिक पत्ता घालावा, असा तो उपाय. तंत्रज्ञ ह्याला ‘नॅट’ म्हणतात. आपण त्यास पत्ता-रूपांतर म्हणू. हा उपाय दीर्घ मुदतीस योग्य नाही, असे त्या लेखकांनी स्वतःच नमूद करून ठेवले होते. फेब्रुवारी १९९६ मध्ये खाजगी पत्त्यांचे तीन गट कायमचे राखून ठेवण्यात आले. १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. तात्पुरता उपाय घरोघरच्या राउटरमध्ये जाऊन बसला आणि आज तीस वर्षांनंतरही तेथेच आहे.

पत्ता-रूपांतराचा परिणाम संभाषणाच्या परिभाषेत सांगता येतो. आतल्या यंत्राने बाहेर प्रश्न धाडला की राउटर आपल्या वहीत नोंद करतो, आणि उत्तर आले की ती नोंद पाहून ते योग्य यंत्राकडे देतो. बाहेरून कोणी आपण होऊन प्रश्न केला, तर वहीत नोंद नसते. म्हणून तो प्रश्न दारातच टाकून दिला जातो. ह्यावर उतारा आहे. अमुक क्रमांकाच्या द्वारावर, म्हणजे पोर्टवर, येणारी हाक अमुक यंत्राकडे न्यावी, अशी कायमची नोंद राउटरमध्ये आपण करून ठेवू शकतो. संकेतस्थळाचे द्वार ८० क्रमांकाचे, सुरक्षित संकेतस्थळाचे ४४३. मात्र राउटर आतल्या यंत्रांना पत्ते तात्पुरते वाटतो. आज सर्व्हरकडे असलेला पत्ता उद्या घरातील छपाईयंत्राकडे जाईल आणि पाहुणे तिकडे वळविले जातील. म्हणून सर्व्हरचा आतला पत्ता आधी स्थिर करावा आणि मग ही नोंद करावी.

४

हे सर्व यथासांग केले. एक नाव घेतले, ते बाहेरच्या पत्त्याशी जोडले, राउटरमध्ये नोंद केली. तरीही बाहेरून काही उघडेना. येथे दुसरा थर लागतो, भयाचा.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस ह्या विद्यार्थ्याने सोडलेल्या कार्यक्रमाने स्वतःच्या प्रती काढीत अमेरिकेतील हजारो यंत्रे जेरीस आणली. परस्परविश्वासावर उभ्या असलेल्या जाळ्याला हा पहिला मोठा धक्का होता. जुलै २००१ मध्ये ‘कोड रेड’ नावाचा असाच कीडा ८० क्रमांकाच्या द्वारातूनच संकेतस्थळे चालविणाऱ्या यंत्रांत शिरला. त्यानंतर काही सेवादात्यांनी घरगुती ग्राहकांचे ते द्वार बाहेरून येणाऱ्यांस बंद केले. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ आला. एका वर्षाने, ऑगस्ट २००४ मध्ये, विंडोज एक्सपीच्या सुधारित आवृत्तीत फायरवॉल आपोआप चालू राहू लागली. न ओळखणाऱ्याला आत घेऊ नये, हा नियम तेव्हापासून सर्वसाधारण झाला. ह्या नियमास दोष देता येत नाही. कोट्यवधी घरांतील यंत्रे त्याने वाचविली, आणि पत्ता-रूपांतरानेही, तो हेतू नसताना, तेच काम केले. म्हणून ह्या इतिहासात खलपुरुष शोधू नये. बहुतेक निर्णय त्या त्या वेळी समंजसपणाचे होते. त्यांची बेरीज मात्र कोणी करून पाहिली नाही.

द्वार बंद आहे की काय, हे तपासण्यासाठी दुसऱ्या क्रमांकाचे द्वार वापरून पाहावे, आणि ही परीक्षा खरोखर बाहेरून करावी. घरातून आपल्याच बाहेरच्या पत्त्याला हाक मारली असता काही राउटर ती आतल्या आत परतवितात, तर काही मुळीच परतवीत नाहीत. म्हणून घरातून मिळालेला होकार व नकार दोन्ही अविश्वसनीय. भ्रमणध्वनीचे वायफाय बंद करून त्याच्या स्वतःच्या जाळ्यावरून पाहावे, हा सोपा मार्ग. तसे पाहिले, दुसरे द्वारही उघडेना.

तेव्हा सेवादात्या कंपनीस दूरध्वनी केला. पलीकडच्या कर्मचाऱ्याने तपासून अत्यंत सौजन्याने सांगितले, “तुमचं इंटरनेट चालू आहे.” अडचण पुन्हा समजावून सांगितली. उत्तर तेच आले. चौदा दिवसांत हा संवाद पाच वेळा झाला. तो मनुष्य खोटे बोलत नव्हता. त्याच्या शब्दकोशात ‘चालू असणे’ म्हणजे बाहेरचे आत येणे; आतले बाहेरच्यास मिळणे हा त्या क्रियापदाचा भागच नव्हता. ह्या निबंधातील अर्थसंकोचाची कल्पना त्या पाचव्या संवादातून निघाली.

५

दोष अखेर सापडला तो दोन आकडे शेजारी ठेवल्याने. राउटरच्या पानावर त्याचा स्वतःचा बाहेरचा पत्ता दिसतो. आणि बाहेरच्या एखाद्या संकेतस्थळास विचारले असता त्याला आपण कोणत्या पत्त्यावरून आलो असे दिसते, तेही कळते. हे दोन पत्ते एकच असावयास हवेत. येथे ते भिन्न होते, आणि राउटरवरचा पत्ता १०० ह्या अंकाने सुरू होत होता.

त्या आकड्यामागे सगळ्यांत वरचा थर आहे. ३ फेब्रुवारी २०११ रोजी पत्त्यांच्या जागतिक कोठारातील शेवटचे पाच मोठे गट पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांना एकेक वाटून देण्यात आले. भारत ज्या आशिया-पॅसिफिक विभागात मोडतो त्या विभागाच्या संस्थेने त्याच वर्षी १५ एप्रिलपासून आपल्या शेवटच्या गटातून मोजूनमापून वाटप सुरू केले. ग्राहक वाढत होते, पत्ते नव्हते. म्हणून सेवादात्यांनी पत्ता-रूपांतर घराच्या दारावरून उचलून स्वतःच्या केंद्रातही बसविले. एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरे आली. एप्रिल २०१२ मध्ये ह्या कामासाठी १००.६४ ते १००.१२७ पर्यंतचे ४१,९४,३०४ पत्ते राखून ठेवण्यात आले. ज्या राउटरचा बाहेरचा पत्ता ह्या पट्ट्यात पडतो, त्या घराला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नाही, हे निश्चित समजावे. राउटरमध्ये कितीही नोंदी केल्या तरी त्या व्यर्थ. कारण हाक ज्या वहीपाशी अडते ती वही घरात नाही, कंपनीत आहे.

ह्या अवस्थेला आपल्याकडचीही एक पूर्वपीठिका आहे. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राचा ज्यात प्रमुख सहभाग होता, ते ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे १९८६ मध्ये सुरू झाले; त्यावरील संस्था परस्परांना समानतेने हाक मारीत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसाधारण जनतेसाठी सेवा सुरू केली ती दूरध्वनीच्या तारेवरून, हवी तेव्हा जोडावयाची व काम होताच सोडावयाची. घराला कायमचा पत्ता असण्याचा प्रश्नच तेथे नव्हता. २००४ च्या भारत सरकारच्या ब्रॉडबँड धोरणात ‘ब्रॉडबँड’ची व्याख्या करताना किमान वेग सांगितला तो २५६ किलोबिटांचा, आणि तोही केवळ आत येणाऱ्या माहितीचा. बाहेर जाणाऱ्या वेगाविषयी त्या व्याख्येत किमान अट नव्हती. पुढे ती मर्यादा वाढविण्यात आली. परंतु व्याख्येत जे मोजले जात नाही ते हळूहळू व्यवहारातूनही जाते, हे कोशकारांना निराळे सांगावयास नको. घरगुती ग्राहकास ऐकावयाचेच असते, बोलावयाचे नसते, असा युक्तिवाद पुष्कळदा केला जातो. ज्याला बोलण्याची सोयच दिली नाही त्याच्या मौनावरून त्याची इच्छा ठरविण्याचा हा प्रकार होय.

६

उपाय तीन आहेत. पहिला, सेवादात्याकडून स्थिर सार्वजनिक पत्ता वार्षिक शुल्क देऊन मागून घेणे. दुसरा, बाहेरच्या कोणा सार्वजनिक यंत्रापर्यंत घरातून आपणच एक बोगदा काढून ठेवणे. पत्ता-रूपांतरास आतून निघालेली जोडणी चालते, म्हणून हा उपाय साधतो. परंतु त्यात पुन्हा तिसऱ्या पक्षाची मध्यस्थी येते. तिसरा उपाय मूलगामी आहे. स्टीव्ह डीअरिंग व रॉबर्ट हिंडन यांनी डिसेंबर १९९५ मध्येच नव्या पद्धतीच्या पत्त्यांचा आराखडा प्रसिद्ध केला होता. हा पत्ता १२८ द्विमान अंकांचा असून अशा पत्त्यांची एकूण संख्या लिहावयास एकोणचाळीस आकडे लागतात. ६ जून २०१२ रोजी जगातील अनेक मोठ्या संकेतस्थळांनी तो कायमचा स्वीकारला, आणि २०१६ नंतर भ्रमणध्वनीच्या नव्या जाळ्यांबरोबर भारत त्याच्या वापरात आघाडीवरच्या देशांत आला. येथे प्रत्येक यंत्रास पुन्हा विशेषनाम मिळते. मात्र पत्ता परत आला म्हणून दार उघडते असे नाही : राउटरची फायरवॉल ह्या पत्त्यांनाही बाहेरून येणारी हाक सहसा नाकारते, आणि पाहुण्याकडे नव्या पद्धतीचा पत्ता नसेल तर त्याला येथवर येताच येत नाही.

प्रस्तुत लेखकाने पहिला आणि तिसरा असे दोन्ही उपाय योजले. बोगद्याचा उपाय सर्वांत स्वस्त व सोपा होता. पण बाईंच्या पहिल्या अटीचा अर्थ लावताना तो बाजूस ठेवावा लागला. स्थिर पत्ता मिळाला त्या दिवशी राउटरवरचा आकडा आणि बाहेरून दिसणारा आकडा एक झाला. नाव नव्या पत्त्याशी जोडले, एकच द्वार उघडे ठेवले, कार्यक्रम अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी स्वीकारली आणि भेट देणाऱ्यास परवलीचा शब्द आवश्यक केला. त्याच रात्री चेन्नईहून थोरल्या नातवाचा निरोप आला, की ऐकू येत आहे. बाई तेव्हा हयात नव्हत्या. ह्या चौदा दिवसांच्या आधी कित्येक महिने ते काम ‘होईल सावकाश’ म्हणून बाजूस पडले होते, ही नोंद येथे करणे प्रामाणिकपणाचे होईल.

बोलींची सामग्री गोळा करणाऱ्या विभागांनी ह्या इतिहासातून घ्यावयाचा बोध व्यावहारिक आहे. ‘सामग्री उपलब्ध करून दिली जाईल’ असे वाक्य आपण संमतिपत्रात सहज लिहितो. ते लिहिण्यापूर्वी ती कोणत्या यंत्रावर राहणार, त्या यंत्राला स्वतःचा पत्ता आहे काय, आणि बाहेरच्या माणसाने बाहेरून ती उघडून पाहिली आहे काय, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे हाती असली पाहिजेत. तसेच सेवादात्यास ‘इंटरनेट चालू आहे का’ असे कधी विचारू नये. त्या प्रश्नाचे उत्तर आता नेहमीच होकारार्थी येते. बाहेरून मला हाक मारता येईल असा पत्ता द्याल काय, असे विचारावे. संकुचित झालेला अर्थ पुन्हा विस्तारावयाचा असेल, तर जुना अर्थ मनात धरून प्रश्न करणारे बोलणारे प्रथम असावे लागतात.